डीह्युमिडिफायर आणला, सायनोटाइप सुधारल्या आणि पॅलेडियम बिघडलं

सात-आठ महिने वापरून मग लिहितेय, कारण आणल्या आणल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं. वस्तू साधीच आहे, घरगुती कॉम्प्रेसरवाला डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं मशीन, खाली चाकं, मागे पाण्याची टाकी, उंची माझ्या गुडघ्याच्या थोडी वर. ब्रँडचं नाव देत नाहीये, एक तर पुढे तक्रारी आहेत आणि दुसरं म्हणजे मला या जातीच्या मशीनबद्दल लिहायचंय, एका कंपनीबद्दल नाही. मी कागदावर उजेडाने बदलणारं रसायन हाताने लावून (हेच कोटिंग) फोटोच्या प्रिंट्स काढते, जास्त करून सायनोटाइप (लोखंडाच्या क्षारांची निळी प्रिंट) आणि गम (रंग आणि डायक्रोमेट, म्हणजे क्रोमियमचा क्षार, घातलेल्या डिंकाची), मधून मधून व्हॅन डाइक (चांदीच्या क्षाराची तपकिरी), आणि जीव धजावला तर पॅलेडियम (त्याच नावाच्या धातूची). कपाटातल्या कपड्यांसाठी किंवा भिंतीच्या ओलीसाठी हे मशीन कसं आहे ते दुसऱ्या कुणाला तरी विचारा.

घेतलं का, तर एका रात्रीमुळे. पावसाचे दिवस, हवेत नुसती ओल, आणि मी शहाणपणा करून सायनोटाइपचे सहा कागद रात्रीच कोट करून ठेवले, सकाळी उठून फक्त एक्सपोजर, म्हणजे उजेड, द्यायचं म्हणून. सकाळी कपाट उघडलं तर जे कागद पिवळसर हिरवे दिसायला हवेत ते मळकट निळे-हिरवे, हात लावला तर गार आणि सादळलेले, म्हणजे रात्रभर वाळलेच नव्हते. त्यातला बरा दिसणारा एक फ्रेममध्ये घातला, वर इंकजेट निगेटिव्ह, म्हणजे प्रिंटरने पारदर्शक फिल्मवर छापलेलं फोटोचं उलटं चित्र. एक्सपोजर संपवून फ्रेम उघडली तर काचेला आतून बाष्प धरलेलं आणि निगेटिव्ह कागदाला चिकटलेली. हळूच सोलायला गेले तर चर्रकन आवाज आला आणि चेहऱ्याच्या डाव्या गालावरची शाई, कोटिंगसकट, फिल्मवरून उठून कागदावर राहिली. धुतल्यावर पांढरं म्हणावं असं कुठे काही नव्हतंच, सगळीकडे फिकट निळी राख. एका रात्रीत सहा चांगले कॉटनचे कागद आणि एक निगेटिव्ह गेली, आणि चूक केमिकलची नव्हती.

कारण समजायला अवघड नाही. सायनोटाइपमधलं फेरिक अमोनियम सायट्रेट हवेतलं पाणी ओढून घेतं, नुसत्या बरणीतसुद्धा दमट दिवसांत त्याचे गोळे होतात, द्रावण करून ठेवलं तर वर बुरशीची साय धरते. कागदावर लावल्यावरही ते ओढणं चालूच असतं. जोवर कोटिंग ओलसर आहे तोवर त्यातलं लोखंड आणि फेरिसायनाइड (सायनोटाइपमधलं दुसरं रसायन) एकमेकांशी अंधारातसुद्धा थोडं थोडं खेळत राहतात, कागदातल्या सायझिंगची (खळीची) किंवा मळाची मदत मिळाली की अजून लवकर, आणि उजेड न लागताच फॉग, म्हणजे नको तिथे चढलेला रंग, तयार. उष्णता असेल तर हे सगळं भराभर होतं. शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने 1842 मध्ये ही पद्धत काढली, तेव्हापासून फॉर्म्युला फारसा बदललेला नाही त्यामुळे त्याची ही खोडही तशीच आहे.

तर मशीन आलं. खोली माझी साधारण तीस घनमीटरची, लहानच. पहिल्या दिवशी लावलं आणि संध्याकाळपर्यंत टाकी भरून मशीन बंद पडलेलं, मला तर वाटलं गळतंय की काय कुठे. मग बसून हिशोब केला. 30 अंशाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त साधारण 30 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात धरते, म्हणजे 85 टक्के आर्द्रतेला माझ्या अख्ख्या खोलीच्या हवेत पाऊण लिटरच्या आसपास पाणी, आणि ती 55 टक्क्यांवर आणायची तर हवेतून काढायचं पाणी जेमतेम पाव लिटर. मग टाकीतलं बाकीचं आलं कुठून? भिंती, लाकडी टेबल, कागदांचे गठ्ठे, पडदे, दाराखालची फट, आणि मुख्य म्हणजे कोपऱ्यात मी दोरीवर वाळत घातलेल्या चार ओल्या प्रिंट्स आणि पाण्याने भरलेले दोन ट्रे. एका हाताने पाणी काढत होते आणि दुसऱ्या हाताने घालत होते. ज्या खोलीत कोटिंग वाळतं त्या खोलीत धुतलेल्या प्रिंट्स वाळवायच्या नाहीत, हे मला मशीनने शिकवलं म्हणा. ट्रे आता बाथरूममध्ये असतात आणि टाकी दोन दिवसांतून एकदा भरते.

खोक्यावर दिवसाला इतके लिटर असं मोठ्ठ्या आकड्यात छापलेलं असतं ना, ते सहसा 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रतेला मोजलेलं असतं. हवा जसजशी कोरडी होत जाते तसतसं मशीन कमी पाणी काढतं, 60 टक्क्यांच्या आसपास ते बरंच सुस्तावतं. आणि खोली थंड असेल तर कॉम्प्रेसरवाल्याच्या कॉइलवर बर्फ धरायला लागतो, थंड ठिकाणी राहणाऱ्यांनी शोषक चाकवाला, म्हणजे ओल शोषणाऱ्या पदार्थाचं चाक फिरवणारा, प्रकार बघावा.

आता ज्याबद्दल कुणी सांगत नाही ती गोष्ट, उष्णता. मशीन खोली थंड करत नाही, तापवतं. एसीसारखा याचा गरम भाग खिडकीबाहेर नसतो, जे काही आहे ते खोलीतच. कॉम्प्रेसरने खाल्लेली सगळी वीज उष्णता होऊन खोलीत येते ती वेगळी, वर एक लिटर वाफेचं पाणी झालं की त्यातून साधारण पाऊण युनिटला थोडी कमी इतकी उष्णता सुटते, ती पण खोलीतच. दार लावून दुपारभर चालवलं तर माझी खोली 29 वरून 33 वर जाते. आणि यात एक फसगत आहे, हवा तापली की पाणी तेवढंच असूनसुद्धा आर्द्रतेचा टक्का आपोआप उतरतो, त्यामुळे स्क्रीनवर 52 बघून खूश व्हायचं, मशीन बंद करायचं, आणि रात्री खोली गार झाली की टक्का परत वर. मी एक महिनाभर या आकड्याशी नुसती भांडत होते. शेवटी वहीत आर्द्रतेशेजारी तापमानही लिहायला लागले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

मशीनच्या अंगच्या सेन्सरवर तर अजिबात विसंबू नका. माझ्याकडे दोन छोटे डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारे) आहेत, तिन्ही आकडे तीन तऱ्हेचे. कोण खरं बोलतंय ते बघायला मिठाची जुनी युक्ती केली. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घेतलं, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं केलं, मीठ विरघळून जायला नको, भिजलेलं पण दाणेदार राहायला हवं, आणि ते झाकण आणि दोन्ही हायग्रोमीटर एका झिपवाल्या पिशवीत घालून रात्रभर ठेवलं. अशा मिठावरची बंद हवा 75 टक्क्यांवर येऊन थांबते आणि गंमत म्हणजे रोजच्या तापमानात तो आकडा फारसा हलत नाही. सकाळी एकाने 74 दाखवले आणि दुसऱ्याने 69. पहिल्याला टेबलावर कागदांच्या शेजारी ठेवलं, दुसऱ्यावर मार्करने अधिक सहा लिहिलं. मग मशीन जेव्हा 55 म्हणतं तेव्हा टेबलावर खरं 63 असतं हे कळलं. त्यात मशीनची चूक अर्धीच आहे म्हणा, ते स्वतःच्या तोंडासमोरची कोरडी हवा मोजतं आणि माझं टेबल पलीकडच्या कोपऱ्यात. एक छोटा पंखा भिंतीकडे तोंड करून लावल्यावर फरक निम्म्यावर आला.

बरं, प्रिंट्सचं काय. सायनोटाइपमध्ये फरक पहिल्या आठवड्यातच दिसला. कोटिंग वाळायला पूर्वी तास-दीड तास लागायचा आणि तरी मनात शंका, आता 25 मिनिटांत कागद बोटाच्या मागच्या बाजूला कोरडा लागतो. पांढरा भाग पांढरा धुतला जातो. त्याच निगेटिव्हच्या, त्याच वेळेच्या दोन स्टेप वेज (फिकटापासून गडदापर्यंत पायऱ्या असलेल्या चाचणीच्या पट्ट्या) शेजारी शेजारी ठेवल्या, एक 80 टक्क्यांतली जुनी आणि एक 55 मधली, तर जुनीत शेवटच्या चार-पाच पायऱ्या एकमेकीत मिसळून नुसता निळसर पट्टा झालेला आणि नवीत त्या मोजता येतात. कागद सपाट राहतो, हे तर मी धरलंच नव्हतं हिशोबात. दमट हवेत कागद लाटांसारखा उठतो आणि जिथे उठतो तिथे निगेटिव्हशी त्याचा स्पर्श सुटतो, मग प्रिंटमध्ये मधेच एक हातभर धूसर ठिगळ, आणि आपण लेन्सला शिव्या देत बसतो.

निगेटिव्ह चिकटणं जवळपास थांबलं पण पूर्ण नाही, त्यामुळे मधे पातळ पॉलिएस्टरची फिल्म अजून घालते, 12 मायक्रॉनवाली. शार्पनेस नजरेला कळेल इतका जात नाही. व्हॅन डाइक करत असाल तर ती घालाच, कारण तिथे सिल्व्हर नायट्रेट आहे आणि ओलसर कोटिंगमधून ते निगेटिव्हवर उतरलं की तपकिरी डाग कायमचे, इंकजेट निगेटिव्ह निदान परत छापता येते पण खरी फिल्म असली तर रडायचीच वेळ.

गमसाठी मात्र या मशीनला मी काय देऊ आणि काय नको असं झालंय. दोन कारणं. एक म्हणजे डायक्रोमेट लावलेला डिंक किंवा जिलेटिन अंधारातही हळूहळू कडक होत जातं, त्याला डार्क रिअ‍ॅक्शन म्हणतात, आणि उष्णता आणि ओल दोन्ही मिळून त्याला पळवतात. दमट दिवसात कोट करून दोन तास ठेवलेला कागद आणि वीस मिनिटांत वापरलेला कागद यांच्या प्रिंट्स बघितल्या तर दोन वेगळ्या माणसांनी काढल्यासारख्या वाटतात, पहिल्याचा रंग धुताना निघतच नाही, सगळीकडे डाग. शिवाय ओल असली की डायक्रोमेट उजेडालाही जास्त लवकर प्रतिसाद देतं, त्यामुळे कालचं एक्सपोजर आज चालत नाही. उलट कागद अगदी खडखडीत केला तर वेळ वाढतो. म्हणजे मला कमी आर्द्रता हवी होती असं नाही, मला रोज तीच आर्द्रता हवी होती, आणि ते हे मशीन देतं. माझ्या वहीत पूर्वी गमच्या एक्सपोजरच्या वेळा 3 मिनिटांपासून 9 मिनिटांपर्यंत उड्या मारायच्या, आता त्या पाच-साडेपाचच्या आसपास बसल्यात.

दुसरं कारण रजिस्ट्रेशन. तीन रंगांचे तीन थर एकावर एक यायचे म्हणजे कागदाचा आकार तिन्ही वेळा तोच हवा, आणि कॉटनचा कागद हवेतल्या ओलीबरोबर फुगतो आणि आकसतो, त्यातही धाग्याच्या आडव्या दिशेने जास्त. गरम पाण्यात भिजवून आधी आकसवून घेतलेला कागदसुद्धा 55 आणि 80 मध्ये एकाच मापाचा नसतो. मी एक जवळून काढलेला चेहरा छापत होते, डोळ्यातला तो उजेडाचा ठिपका असतो ना, तो पूर्वी तीन रंगांचे तीन ठिपके होऊन दिसायचा, पिवळा एकीकडे, निळा दुसरीकडे. आता तिन्ही थरांच्या आधी कागद रात्रभर मशीनच्या खोलीत लटकवते आणि सकाळी हायग्रोमीटर बघूनच कोट करते, ठिपका एकच येतो. भिंगाखाली किंचित जांभळी कड दिसते पण भिंग घेऊन कोण येतंय.

इथे एक अडचण लिहायलाच हवी. मशीन नीट चालायला दारं-खिडक्या बंद हव्यात, आणि डायक्रोमेट विषारी आहे, कॅन्सर करणारं आहे, त्याची पूड हवेत उडता कामा नये आणि खोलीत हवा खेळती हवी. दोन्ही एकदम जमत नाही. मी काय करते तर वजन करणं, द्रावण बनवणं वगैरे खिडकी उघडी ठेवून, मशीनचा आणि तो छोटा पंखा बंद करून, हातमोजे मास्क घालून आधी उरकते, आणि मग खिडकी बंद करून खोली परत कोरडी होऊ देते, अर्धा तास जातो. मशीनच्या फिल्टरवर जे काही बसतं ते झटकायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं.

आता पॅलेडियमची कथा. मी अमोनियम फेरिक ऑक्झलेटवालं करते, प्रिंट-आउट, म्हणजे चित्र फ्रेममध्येच उजेडात उमटत जातं आणि आपण मागून डोकावून बघून थांबवायचं. मशीन आल्याच्या आनंदात मी तोही कागद 45 टक्क्यांत मस्त कोरडाठाक केला. फ्रेममध्ये घातला, पाच मिनिटं, दहा मिनिटं, चित्र येतं आणि अर्ध्यात थबकतं, फिकट, विटकरी तांबूस. मी आपली वेळ वाढवत गेले. शेवटी वैतागून पाण्यात टाकला तर डोळ्यादेखत काळा पडत गेला, सावल्या तर बुजल्याच. कारण त्या रिअ‍ॅक्शनला पाणी लागतं. कागदात पुरेशी ओल असेल तर ती फ्रेममध्येच पूर्ण होते, नसेल तर अर्धवट राहते आणि पाणी मिळालं की बाकीचं काम तिथे करते, आणि आपण मात्र डोळ्याने अंदाज घेऊन दुप्पट उजेड देऊन बसलेलो असतो. रंगही ओलीवरच ठरतो, कोरड्या कागदावर लालसर उबदार, ओलसर कागदावर काळ्याकडे झुकणारा थंड.

गंमत अशी की प्लॅटिनमच्या जुन्या पद्धतीत हेच उलटं होतं. विल्यम विलिसने 1873 मध्ये पेटंट घेतलं ती डेव्हलप करायची पद्धत, म्हणजे चित्र नंतर रसायनात पूर्ण उमटवायची, तिचे तयार कागद पत्र्याच्या डब्यात कॅल्शियम क्लोराइड घालून विकायचे, का तर ओल लागू नये. म्हणजे दोन्ही धातू एकाच घराण्यातले, आणि एकाला ओल नको तर दुसऱ्याला हवीच. मी दोन्ही एकच धरून चालले आणि तीन कागद घालवले, पॅलेडियमचे, जे सायनोटाइपच्या सहा कागदांपेक्षा फार जास्त लागले.

उपाय म्हणून आता एक झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा ठेवलाय. तळाशी पसरट ट्रेमध्ये तेच ओलं मीठ, वर जाळी, जाळीवर कोट केलेला कागद, झाकण बंद, अर्धा तास. डब्यात 75 टक्के, खोलीत 55, कागद बाहेर काढला की लगेच पॉलिएस्टर फिल्म, निगेटिव्ह, फ्रेम, सगळं दोन मिनिटांत, गप्पा मारत बसायचं नाही. एवढी वीज जाळून खोलीतलं पाणी काढायचं आणि मग डब्यात घालून कागदाला परत पाजायचं, माझ्या धाकट्या बहिणीने हे बघून कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "ताई, खिडकी उघडी ठेवायची की मग." पण खिडकीतून येणारी ओल आज 70 असते उद्या 90, डब्यातली 75 म्हणजे 75. रंग आता मागे-पुढे होत नाही.

तक्रारींकडे येते. आवाज आहे, जुन्या फ्रिजसारखा घरघर आणि मधेच एक ठोका, त्या खोलीत झोपायचा विचार करू नका. टाकी भरली की मशीन बंद होतं, ते ठीक, पण भरल्याचा पिपाणीसारखा आवाज पहाटे तीनला येतो आणि बंद करायची सोय नाही. नळी लावून पाणी सरळ मोरीत सोडता येतं, ते सुरुवातीलाच करा, मी पाच महिने टाकी उचलत बसले आणि दोनदा जमिनीवर सांडली, म्हणजे काढलेली ओल परत खोलीत. सगळ्यात मोठा राग याचा की वीज जाऊन आली की हे मशीन आपलं आपण चालू होत नाही. एकदा रात्री वीज गेली, आली, मशीन गप्प, आणि सकाळी गमचा तिसरा थर असलेला कागद 78 टक्क्यांत लटकत होता. दुरुस्तीवाल्या माणसाला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, हे मॉडेल असंच आहे." घेताना ही एक गोष्ट विचारून घ्या, आपोआप चालू होतं का. स्क्रीनच्या निळ्या दिव्याची मला आधी भीती वाटली होती की कागद फॉग होतील, पण या पद्धतींना मुख्यतः अल्ट्राव्हायोलेट लागतो आणि भरपूर लागतो, त्या टिचभर दिव्याने काही होत नाही. तरी मी त्यावर काळी टेप लावलीये, सवय.

एसी असेल तर हे लागतं का, असं बऱ्याच जणांना वाटतं. एसी ओल काढतो खरी पण खोली पुरेशी गार झाली की त्याचा कॉम्प्रेसर थांबतो आणि पाणी काढणंही थांबतं, हवा गार आणि तरी दमट राहते. माझ्याकडे आता कार्बन टिश्यू (रंग घातलेल्या जिलेटिनचा थर दिलेला कागद) वाळवायची असेल त्या दिवशी दोन्ही चालतं, कारण तिथे जिलेटिन आहे, आणि 33 अंशांत जिलेटिन धड गोठतही नाही, अशा खोलीत नुसता डीह्युमिडिफायर लावणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. आणि कोट केलेले कागद, निगेटिव्हज, केमिकलच्या बरण्या एवढंच सांभाळायचं असेल तर मशीन नकोच, घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल पुरे, केशरी रंगवालं घ्या, रंग उडाला की ओव्हनमध्ये 120 अंशांच्या आसपास तापवून परत वापरता येतं. माझ्या निगेटिव्हज अजूनही त्याच डब्यात असतात, मशीन असूनसुद्धा.

मार्क द्यायचे तर गमसाठी पाचपैकी पाच, सायनोटाइपसाठी चार, व्हॅन डाइकसाठी चार, प्रिंट-आउट पॅलेडियमसाठी दोन, आणि तेही मिठाच्या डब्यासकट. वीज गेल्यावर गप्प बसतं त्याचा अर्धा मार्क सगळ्यांतून कापा.

टाकीतल्या पाण्याचं राहिलं. ते दिसायला डिस्टिल्ड वाटतं आणि मलाही मोह झाला होता, पण ते धातूच्या कॉइलवरून आणि धुळीवरून ओघळून आलेलं असतं, त्यात सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण करायला जाऊ नका. मी एकदा करून बघितलं, बाटलीत दुसऱ्या दिवशी तळाला राखाडी गाळ होता. आता त्या पाण्याने फरशी पुसते.